जेवून राह्यले असतात

शाईचा वास जमिनीत मुरते, हे मले काल समजलं.

मामाच्या पोरीचं लग्न आहे. पत्रिका सगळ्यांले मोबाईलवरच जाणार, पण मामाचं म्हणणं, देवापुढं ठेवाले तं कागद पाहिजे न. म्हणून मी अकोल्याले उतरलो, मोर्णेचा पूल ओलांडला, जुन्या शहरातल्या त्या बोळीत शिरलो अन् भाऊच्या प्रेसच्या दारात जाऊन उभा राह्यलो. आत मशीन नव्हती. फरशीवर फक्त तिच्या पायांचे काळे ठसे होते. अन् त्या ठशांवर एक झेरॉक्स मशीन, पांढरीशुभ्र, नव्या सुनेसारखी अंग चोरून उभी. पण वास तोच. शाई, रॉकेल, ओलसर कागद, अन् त्यात मिसळलेला भाऊचा तंबाखू-सुपारीचा खर्रा.

"कोन व्हय?" भाऊनं चष्मा कपाळावर चढवला.

मी लगेच त्याच्याच आवाजात म्हटलं, "कोन व्हय? लग्नाची असीन तं बस, बारशाची असीन तं उद्या ये!"

"आला काय रे पोपट!" भाऊ खदखदून हसला. हा भाऊ म्हणजे प्रेसचा मालक. निम्म्या अकोल्याची लग्नं त्याच्या हातून छापून गेली. मी मशीनीच्या जागेकडं पाहून राह्यलो होतो, ते त्यानं पाह्यलं. "गेली," तो म्हणाला, पोरगी सासरी गेल्यासारखं. "तुमच्या त्या गाइडाच्या टायमाले कशी धडधाकट होती. मंग खोकलाले लागली."

गाइड म्हटलं अन् संपलं. मी पत्रिकेचं विसरलो, स्टुलावर बसलो, अन् त्या वासाच्या आत उतरत गेलो. विहिरीत पायऱ्या असतात तसं. खाली खाली, गार गार.

तेव्हा कॉलेज संपलं होतं अन् नोकरी काही लागून नव्हती राह्यली. पुण्याच्या एका प्रकाशनाले छोट्या छोट्या शहरांचे छापील गाइड काढायचे होते. पाठीवर बॅग टाकून फिरणाऱ्या पोट्ट्यापोट्टींसाठी. एकच मोठा कागद, दोन्हीकडून छापलेला, घडी घातली की शर्टाच्या खिशात मावला पाहिजे. एका बाजूले अमरावती, पलटवलं की अकोला. ते काम आमच्या मयुरीकडं कसं आलं ते सोडा, पण आलं. चित्रं तिचे, लिहिणं माझं, छापणं भाऊचं.

मयुरी माझ्या वर्गातली. तिच्या घरचं वावर अमरावतीच्या बाहेर, झेंडूचं अन् शेवंतीचं. पहाटे बापाबरोबर फुलबाजारात ढीग लावून मग ती कॉलेजले यायची. बोटं पिवळी, वह्यांले झेंडूचा तो कडसर वास. अजूनही कोण्या पुढाऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार पाह्यला की मले परीक्षा आल्यासारखं वाटते.

अन् मी मूर्तिजापूरचा. आमच्या गावाची गंमत अशी की अकोलेवाले म्हणतात हा अमरावतीकडचा, अन् अमरावतीवाले म्हणतात हा अकोल्याकडचा. मधातला माणूस. कदाचित त्याच्यामुळंच असंन, मले लहानपणापासून स्वतःचा आवाज नव्हता, सगळ्यांचे होते. हेडसरांचा खाकरा, स्टेशनातली बाई, "यात्रीगण कृपया ध्यान दें", बोरंवाली मावशी, भागवत सांगणारे महाराज, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहायचे. छोट्या रुळावरून जाणाऱ्या आमच्या शकुंतलेची शिट्टी तं मी अशी काढायचो की शाळेतले पोट्टे खिडकीकडं पळायचे. ती गाडी केव्हाची बंद पडली. रुळात बाभळी उगवल्या. ती शिट्टी आता कुठं असंन तं माझ्या घशातच आहे, अन् मी मेलो की ती दुसऱ्यांदा बंद पडणार.

आमी तो उन्हाळाभर चाललो. चाललो म्हणजे चाललोच. मयुरीचं म्हणणं होतं, गाडीवर बसून नकाशा काढला की तो गाडीवाल्याचाच होते, पायी फिरणाऱ्याचा होत नाही. पहाटे फुलबाजार, तिथं पाण्यानं भिजलेल्या गोणपाटांचा वास, शेवंतीच्या ढिगाखाली झोपलेले कुत्रे. मग राजकमल चौक, मग अंबादेवीच्या वाटेवरचे हळदीकुंकवाचे ढीग, रंगाचे इतके नीट डोंगर की मयुरी त्यांच्यापुढं बसूनच जायची. संध्याकाळी वडाळीचा तलाव. अन् जिथं पोहोचू तिथं गिला वडा. आमी संशोधन म्हणायचो त्याले. दही, चिंचेची चटणी, वरून तिखट, अन् मयुरीच्या कागदावर तपकिरी ठिपके. ते ठिपके खोडायच्या ऐवजी तिनं त्यांले विहिरी करून टाकलं. आजही त्या नकाशात अमरावतीत दोन विहिरी जास्त आहेत.

अन् मग अकोला. उन्हाळ्यातला अकोला! दुपारी रस्त्यावर सावलीसुद्धा भिंतीले चिकटून चालते. घराघरातून कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास येते, अन् तो वास नाकात गेला की बंद दारापुढंही थंड वाटते. असदगडाच्या बुरुजावर उभं राहून मयुरी मोर्णेची रेघ काढायची अन् मी डोक्यावर दुपट्टा गुंडाळून तिच्यावर सावली धरायचो. "हालू नको बे," ती म्हणायची, "नदी वाकडी होऊन राह्यली." मी म्हणायचो, "नदी वाकडीच आहे." ती म्हणायची, "मंग जास्त वाकडी होऊन राह्यली."

घडीची परीक्षा रेल्वेत व्हायची. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून अकोल्याकडं जाणारी पॅसेंजर, खिडकी उघडी, वारा सरळ तोंडावर. त्या वाऱ्यात एका हातानं कागद उघडायचा, दुसऱ्या हातात भेळ. कागद फाटला, उडाला, नाहीतं समोरच्या काकाच्या तोंडाले चिकटला, की ती घडी नापास. किती काकांच्या तोंडाले आमी अमरावती चिकटवली! एका काकानं कागद तोंडावरून काढला, शांतपणे वाचला अन् म्हणाला, "माया घराची गल्ली नाही दाखवली." मूर्तिजापूर येईपर्यंत त्यानं मयुरीकडून आपली गल्ली काढून घेतली.

चित्रं असे वाढून राह्यले होते, अन् माझं लिहिणं मात्र अडलं होतं. म्हणजे मी लिहिलं होतं. झकास लिहिलं होतं. पुण्याच्या केतकीताई ह्या मालिकेच्या संपादक. त्यांच्याशी फोनवर बोलताना मी पहिल्याच दिवशी त्यांचाच आवाज उचलला होता. "हो ना, अगदी. बघतो ना मी. कळवतो तुम्हाला." त्यांले वाटायचं मी असाच बोलतो. तं मी त्याच आवाजात लिहून काढलं, "अमरावती हे विदर्भातील एक रम्य शहर असून येथे पर्यटकांसाठी अनेक प्रेक्षणीय स्थळे आहेत."

मयुरीनं एक पान वाचलं. दुसरं वाचलं. मग मान वर करून विचारलं, "हे कोन बोलून राह्यलं?"

"मी."

"तू नाही. तुया घरी पावना आला दिसते."

मी हेडसरांच्या आवाजात लिहून पाह्यलं. गाइड वाचून पोट्टे अमरावतीले यायच्या ऐवजी अंगठे धरून उभे राह्यले असते. मी महाराजांच्या आवाजात लिहिलं, तं गिला वड्याले मोक्षाचा वास याले लागला. मयुरी हसून हसून फुलांच्या गोणीवर पडली, अन् मग एकदम डोळे पुसत म्हणाली, "थांब. समज, मी अमरावतीले पयल्यांदा आली. स्टेशनवर उतरली. तुले फोन केला, आता कुठं जाऊ म्हणून. सांग."

मी सांगत गेलो अन् ती लिहीत गेली. "इथं कोणी 'हे काय, बाजूलेच आहे' म्हटलं की रिक्षा करा. गिला वडा उभ्यानं खायचा. बसून खाल्ला तं चटणी शर्टावर सांडते. उभ्यानं खाल्ला तरी सांडते, पण उभ्या माणसाले नळापर्यंत लवकर पळता येते. उन्हाळ्यात दुपारी अकोल्यात फिरू नका. फिरलेच तं कोणाच्याही दारात पाणी मागा, पाण्याबरोबर गूळ येईन, गुळाबरोबर प्रश्न येतीन. कोणाचे कोण, लग्न झालं काय. उत्तरं तयार ठेवा."

संध्याकाळी तिनं ते सगळं मले वाचून दाखवलं. इतके वर्षं घशात इतके भाडेकरू ठेवले, अन् घरमालकाचा आवाज मी पयल्यांदाच ऐकून राह्यलो होतो. मी मनात ठरवलं, छापलं तं हेच छापायचं. दुसरं काही छापायचं असंन तं माझं नाव नको.

केतकीताईंले मजकूर पाठवला. दोन दिवसांनी फोन आला.

"अरे, गोड आहे हं मजकूर. हसले मी खूप. पण मला सांग, परगावच्या मुलांना कळेल का हे?"

"कळेल ना ताई, नक्की कळेल," मी त्यांच्याच आवाजात.

"आपण असं करू. ऋता आणि सानिका म्हणून दोघी आहेत, इथल्याच कॉलेजमधल्या. विदर्भात कधी आलेल्या नाहीत. त्यांच्या हातात कच्ची प्रत देऊ. तुम्ही त्यांना भेटायचं नाही, मदत करायची नाही. भाषेमुळे त्या कुठे अडल्या नाहीत, तर हेच छापू. अडल्या, तर सगळं प्रमाण मराठीत करायचं. मग वाद नको. चालेल?"

"अगदी चालेल," मी म्हटलं, अन् फोन ठेवून भिंतीले टेकलो. माझं ते एकुलतं एक बोलणं आता दोन अनोळखी पोरींच्या हातात होतं.

मग आमी अवघड शब्द पकडाले निघालो, जशा उवा पकडतात. सांबार! पुण्याची पोरगी सांबार म्हटलं की इडली शोधणार, अन् आमच्याकडं तं भाजीवाली कोथिंबिरीची जुडी पुढं करणार. त्याची चौकट केली, आत अर्थ लिहिला. काहून म्हणजे का, त्याची केली. वावराची केली. मयुरीच्या बापाले वाचाले दिलं, त्यानं फुलं मोजता मोजता वाचलं अन् सगळं समजलं म्हणाला. शोभाकाकूले वाचाले दिलं.

शोभाकाकू म्हणजे कॉलेजमागच्या गल्लीतली आमची मेस. काका गेल्यावर एवढ्या मोठ्या घरात ती एकटीच. अंगणात पेरूचं झाड, झाडाखाली बाज, बाजेवर कायमची झोपलेली एक मांजर. वरणाले दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, अन् भूक नसली तरी पाय वळायचे. तिच्याबद्दल आमी लिहिलं होतं, "शोभाकाकूची मेस. पेरूचं झाड दिसलं की आत शिरा. इथं पोट्टे सकाळपासून जेवून राह्यले असतात. काकू कोणाले नाही म्हणत नाही. तुमीबी या." बाजूले मयुरीनं चित्र काढलं, एक ताट, एक बाज, बाजेवर झोपलेली मांजर.

काकूनं वाचलं अन् म्हणाली, "मांजर बरी काढली. मले काहून नाही काढलं?" बस. तेवढीच चूक तिले सापडली.

कच्ची प्रत छापाले भाऊकडं आलो, ह्याच खोलीत. दसरा होऊन गेला होता, मशीनीले वाहिलेला झेंडू चाकाजवळ वाळून पडला होता. मयुरीनं खिशातून संत्र्याची साल काढली अन् भाऊपुढं धरली. "हा रंग पाहिजे." भाऊ काचेवर चपट्या पत्रीनं शाई घोळत बसला, पिवळ्यात उलसा लाल, अजून उलसा लाल. मध्येच साल नाकाशी नेऊन वास घेऊन पाहायचा, जसा काही रंग वासातच असंन. मशीन सुरू झाली. खटाक्‌ फूं, खटाक्‌ फूं. पयला कागद भाऊनं दोन बोटांनी उचलून दिव्याखाली धरला, अन् आमी पाह्यलं तं वरती गणपती! खाली मोत्यांची नक्षी, अन् मधात, "चि. अकोला आणि चि. सौ. कां. अमरावती."

"भाऊ!" मयुरी किंचाळली.

"अवं, बाई, हात गेला सवयीनं." भाऊ गालातल्या गालात हसत होता. "पन जोडा शोभून दिसते का नाही सांग."

तो कागद मयुरीनं ठेवून घेतला. गणपती उतरवून मग आमी खरी कच्ची प्रत छापली, अन् ती पुण्याले गेली.

हिवाळा लागला. संत्र्याच्या गाड्या चौकाचौकात लागल्या, सकाळी तोंडातून वाफ निघाले लागली. ऋता अन् सानिका ज्या दिवशी येणार होत्या त्या दिवशी मी मयुरीच्या घरच्या ओट्यावर बसून शेवंतीच्या देठांची पार वाट लावली. भेटायचं नाही, मदत करायची नाही. आता त्या बडनेऱ्याले उतरल्या असतीन. आता गिला वडा. आता नळाकडं पळून राह्यल्या असतीन.

दुपारी फोन वाजला. शोभाकाकू.

"अरे बाप्पा, तू काय लिहून ठेवलं रे?"

"काय झालं काकू?"

"दोन पोरी आल्या. बॅगा घेऊन. जेवल्या, बोटं चाटून जेवल्या. अन् आता मले विचारून राह्यल्या, काकू, आमची खोली कोणती?"

"खोली?"

"हाव ना! मी म्हटलं, माय, ही मेस होय, लॉज नाही. तं त्यातली एक तुमचा कागद काढून दाखवते, की इथं राहायची सोय आहे म्हून!"

आमी धावत गेलो. न भेटायचा नियम गेला खड्ड्यात. अंगणात बाजेवर त्या दोघी बसून, मांजर सानिकाच्या मांडीवर, ऋताच्या हातात आमचा कागद.

"हे बघ ना," ऋता म्हणाली, "स्पष्ट लिहिलंय तुम्ही. 'पोट्टे सकाळपासून जेवून राहिले असतात.' म्हणजे जेवतात आणि राहतात. वर लिहिलंय, काकू कुणाला नाही म्हणत नाहीत. शिवाय ताट आणि खाट, दोन्हीचं चित्र आहे. खाटेवर मांजरसुद्धा झोपलंय!"

मी वाचलं. मले काहीच चुकीचं दिसेना. पुन्हा वाचलं. मयुरीनं वाचलं. तिचीही मान हलली, की बरोबरच आहे. काकू मागून म्हणाली, "बरोबर तं हाय!" मग मी डोळे मिटले अन् ती ओळ केतकीताईंच्या आवाजात मनात म्हणून पाह्यली. जेवून. राहिले. असतात. अरे देवा! आमी करून राह्यलो म्हणजे करतो आहोत. त्यांचं करून राहिलो म्हणजे केलं अन् मुक्काम ठोकला. सांबाराले चौकट केली, काहूनले केली, अन् जे आमी दिवसातून हजारदा बोलतो तेच सोडून दिलं. ते शब्द आहेत हेच आमच्या ध्यानात नव्हतं आलं. श्वास घेतल्यासारखं होतं ते.

"अडल्या," मयुरी हळूच म्हणाली. "भाषेमुळंच अडल्या."

काकूचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती कमरेले पदर खोचून आतल्या बंद खोलीची कडी काढून राह्यली होती. "आता आल्या त आल्या. लेकरं काय स्टेशनवर झोपतीन?" तिनं गादी ओढून उन्हात टाकली अन् काठीनं धोपटाले लागली. काका गेल्यापासून ती खोली उघडली नव्हती. धूळ उठली, उन्हात सोन्यासारखी, अन् त्या धुळीत काकू शिंकून राह्यली, हसून राह्यली.

दोघी एकच रात्र राहणार होत्या. राह्यल्या किती, ते त्यांच्या आयांलेच माहीत! ते दिवस म्हणजे नुसती जत्रा. सानिका काकूबरोबर पहाटे फुलबाजारात जायची. ऋता अकोल्याले जाऊन असदगडावरून सूर्य बुडताना पाहून आली अन् रात्री नाकावर धूळ तशीच ठेवून जेवाले बसली. मयुरीच्या वावरात एका दुपारी रोडग्यांचा बेत झाला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, झणझणीत वांग्याची भाजी, तुपाची धार. धुरानं डोळे लाल, रश्श्यानं नाक लाल, अन् सानिका रडत रडत म्हणून राह्यली, "अजून वाढा." आमच्याकडं पाहून ओरडाले लागली की "अबे, हे तं भल्लंच भारी आहे बे!" तिचं बे ऐकून मयुरीच्या बापानं हातातला घास खाली ठेवला अन् पोट धरलं.

अन् त्या सगळ्या आनंदात मी घडीघडी फोन काढून पाहायचो. कारण केतकीताईंचा फोन येणार होता.

तो आला काकूच्या अंगणात, सगळे असताना. ऋतानं फोन स्पीकरवर टाकला.

"काय मग, मजकूर वाचून कुठे अडलात का?"

ऋतानं माझ्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "एका ठिकाणी अडलो ताई. चुकीचं वाचलं आम्ही." अन् तिनं सगळं सांगितलं. ताट, खाट, मांजरीसकट.

मग ताईंचा आवाज, "अच्छा. म्हणजे ठरल्याप्रमाणे... तो मुलगा आहे का तिथे? त्याला दे. तुला काय वाटतं रे?"

माझ्या घशात तो पुण्याचा आवाज तयारच होता, इस्त्री करून, घडी घालून. "हो ना ताई, करू आपण प्रमाण." येवढं म्हटलं की काम संपलं असतं. मी तोंड उघडलं.

"नाही ताई," मी म्हटलं. "ते बदलू नका. चूक झाली, हे खरंच आहे. पन तुमी म्हनता तसं लिहिलं असतं, तं ह्या दोघी जेवल्या असत्या अन् उठून लॉजवर गेल्या असत्या. मले हेच पाहिजे. आमी असेच बोलतो, अन् आमच्या गावात यायचं तं आमचंच ऐकत ऐकत यावं लागते. उलसं चुकतीन. चुकू द्या न."

"कोण बोलतंय?" ताईंनी विचारलं.

"मीच बोलून राह्यलो ताई."

"मग इतके दिवस कोण बोलत होतं?"

"तुमीच बोलून राह्यल्या होत्या. माया तोंडातून."

अन् मग तिकडून असं हसू फुटलं, की मांजर दचकून पेरूवर चढली. हसता हसता ताई म्हणाल्या, "बरं, बरं. अरे, पण ही ओळ तशीच छापली, तर आणखी मुलं येतील राहायला. त्या काकूंना चालणार आहे का?"

सगळ्यांनी काकूकडं पाह्यलं. काकू तांदूळ निवडून राह्यली होती. तिनं ताट बाजूले ठेवलं, त्या उघड्या खोलीकडं एकदा पाह्यलं, अन् फोनजवळ तोंड नेऊन मोठ्यानं ओरडली, जसं काही पुण्यापर्यंत तोंडानंच ऐकवायचं होतं, "येऊ दे! पन गाद्या शिवाव्या लागतीन!"

दुसऱ्याच दिवशी काकूच्या अंगणात पिंजारी बसला. धनुकलीच्या तांतीचा तो आवाज, टंव टंव टंव, अन् अंगणभर उडणारा कापूस. आमच्या नाकात, काकूच्या केसांत, पेरूच्या पानांवर. सानिका कापूस पकडत नाचून राह्यली होती अन् काकू तिच्यावर ओरडून राह्यली होती. आमी ओळ तशीच ठेवली. खाली बारीक अक्षरात एकच भर घातली, "म्हणजे जेवत असतात. राहायचं असंन तं राहताही येते."

छापताना भाऊनं ओला कागद वाचला अन् चष्मा वर केला. "हे खालतं काहून लिहिलं? हे तं सगळ्यांलेच समजते." आमी त्याले समजावून सांगतलं. त्याले पटलं नाही. काल मी स्टुलावर बसून पुन्हा समजावलं. कालही नाही पटलं.

"मयुरी काय करून राह्यली?" त्यानं विचारलं.

"बंगलोरले. मोबाईलमधले नकाशे काढते."

"त्याले घडी घालता येते काय?"

"नाही भाऊ."

"मंग खिशात कसा मावते?" भाऊनं विचारलं. पत्रिकेचा नमुना पसंत केला, वरती गणपती मोठा ठेवा म्हटलं, अन् मी निघालो. निघालो ते घरी मूर्तिजापूरले उतरायच्या ऐवजी सरळ बडनेऱ्याले, अन् तिथून अमरावती. कॉलेजमागची गल्ली.

काकूचे गुडघे गेले. मेस बंद केली तिनं, पोट्टे आता डबे मागवतात. गल्लीच्या तोंडाशी मी सवयीनं नाक वर केलं. लसणाची फोडणी नाही. पण मग दुसराच वास आला. ओल्या नारळाचा, आंबटसर, कुठला तरी लांबचा. आत शिरलो तं स्वयंपाकघरात एक पोरगी, पाठीवरची बॅग दारात टेकवून, भांड्यात डाव फिरवून राह्यलेली. मालवणची. आमचा तो कागद पाहून आलेली, तीन दिवसांपासून मुक्कामाले. काकू पाटावर बसलेली, पाय लांब केलेले, पुढं वाटी, वाटीत काहीतरी गुलाबी गुलाबी.

"काकू, हे काय?" मी विचारलं.

"काय माहीत बाप्पा. कोकमाची कढी म्हनते." काकूनं वाटी तोंडाले लावली. एक घोट, दोन घोट. डोळे मिटले, उघडले. वरच्या ओठावर कढीची गुलाबी मिशी. ती पोरगी डाव हातात धरून थांबली.

काकूनं वाटी पुढं केली. "उलसं मीठ टाक," ती म्हणाली, "अन् अजून वाढ."